उजनीच्या काठी वल्ह्यांचा कारखाना

भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयाचे पाणी सोलापूर जिल्ह्यातल्या माढा आणि करमाळा, पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर आणि दौंड, तसेच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात पसरले आहे. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी असून त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे जवळजवळ ६४ टीएमसी, मृतसाठा आहे. उन्हाळ्यात ‘धरण मायनसमध्ये गेले’ अशा बातम्या येतात, तेव्हाही हे पाणी भीमेच्या जुन्या पात्रात आणि खोलगट भागांत उभे असते. शेतीची आवर्तने बंद होतात, पण होड्या बंद होत नाहीत. वल्ह्यासारख्या वस्तूला इथे बारमाही गिऱ्हाईक मिळू शकते ते यामुळे.

करमाळ्याच्या बाजूला कुगाव, चिखलठाण, वाशिंबे, केत्तूर, जिंती आणि पलीकडे कळाशी, पळसदेव, कुंभारगाव, डिकसळ, भिगवण ही काठावरची गावे. धरणात अनेक गावांच्या जमिनी गेल्या, जुने रस्ते पाण्याखाली गेले आणि नदीवर मासेमारी करणाऱ्या भोई समाजाच्या हाती एकदम मोठे पाणी आले. चिलापी, कटला, रोहू, मरळ, वांब अशी मासळी इथून भिगवण आणि इंदापूरच्या बाजारात जाते. मासेमारीसाठी लाकडी, पत्र्याच्या आणि फायबरच्या होड्या वापरतात. इंजिन असलेल्या बोटी वाढल्या, तरी जाळे सोडताना आणि ओढताना होडी वल्ह्यावरच धरावी लागते. एक जण जाळे सांभाळतो, दुसरा वल्हे. इंजिनच्या होडीतही एक जोडी ठेवावी लागते, कारण पाण्याच्या मधोमध डिझेल संपले तर दुसरे काही हाताशी नसते.

घरगुती वल्हे बनवायची रीत सोपी आहे. बांबू किंवा वासा घ्यायचा आणि त्याच्या टोकाला फळीचा तुकडा नाहीतर पत्रा खिळ्यांनी ठोकायचा. खर्च थोडा, वेळ थोडा. पण लोखंडी खिळा पाण्यात गंजतो, गंज भोवतालचे लाकूड खातो, भोक सैल होते आणि फळी हलू लागते. बांबूला कीड लागते व तो आतून पोखरला जातो. फळीची जाडी सगळीकडे सारखीच असल्याने पाण्याकडचे टोक जड होते आणि दिवसभर वल्हवणाऱ्याच्या मनगटावर व खांद्यावर तो भार येतो. जोडीतली दोन वल्ही एका वजनाची नसली, तर होडी सरळ ठेवण्यासाठी एका हाताने सतत जास्त जोर लावावा लागतो. हे त्रास रोजचे झाल्यामुळे कोणी बोलून दाखवत नाही. चांगल्या वल्ह्याचा व्यवसाय उभा राहायचा तर तो या न बोललेल्या त्रासांवर उपाय देऊनच उभा राहील.

वल्हे तुटण्याचा धोका कष्टापुरता थांबत नाही. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्या दुर्घटनेचा वल्ह्यांशी संबंध नाही. पण उघड्या, रुंद पाण्यावर वळवाचा वारा किती वेगाने चाल करून येतो, हे तिने सगळ्यांना दाखवले. अशा वाऱ्यात होडीचे तोंड लाटेकडे ठेवणे हाच बचाव असतो. त्या क्षणी एक वल्हे मोडले, तर होडी लाटेला आडवी होते. वल्हे बनवणाऱ्याने आपल्या मालाची कसोटी या प्रसंगाच्या हिशेबाने ठरवली पाहिजे.

वल्ह्याचे भाग चार: हाताची मूठ, दांडा, पात्याच्या वरची निमुळती मान आणि पाते. होडीच्या कडेला जिथे वल्हे टेकते, तिथे खुंटी आणि दोरीचा फासा असतो किंवा लोखंडी कडी. त्या टेकूच्या आतला भाग हाताच्या बाजूला आणि बाहेरचा पाण्याकडे. या दोन भागांचे प्रमाण बिघडले, की उत्तम लाकडाचे वल्हेही निकामी होते. बाहेरचा भाग फार लांब असला तर ओढायला जड जाते. आखूड असला तर हात भराभर हलतात आणि होडी मात्र रेंगाळते.

अमेरिकेतल्या मेन राज्यात ओरोनो या गावी ‘शॉ अँड टेनी’ नावाचा छोटा कारखाना १८५८ पासून लाकडी वल्ही बनवतो. लांबी ठरवण्याचा त्यांचा हिशेब उजनीवरही चालतो. होडीच्या दोन्ही बाजूंच्या टेकूंमधले अंतर इंचांत मोजायचे, त्याचे निम्मे करून त्यात २ मिळवायचे. हा झाला आतला भाग. त्याला २५ ने गुणून ७ ने भागले, की वल्ह्याची पूर्ण लांबी मिळते. म्हणजे आतला भाग ७ आणि बाहेरचा १८, असे प्रमाण राहते. टेकूंमध्ये ४ फूट अंतर असेल, तर निम्मे २४, अधिक २ म्हणजे २६. त्यावरून लांबी सुमारे ९३ इंच, म्हणजे पावणेआठ फूट. साडेतीन फुटी होडीला पावणेसात ते सात फुटांचे वल्हे लागते, तर तीन फुटी होडीला सहा फूट पुरते. होडीचा काठ पाण्यापासून जास्त उंच असेल, तर दोन-चार इंच वाढवावे लागतात. यातून व्यवसायाचे पहिले काम ठरते: करवत हातात घेण्याआधी काठावर फिरून होड्या मोजणे. प्रत्येक गावातल्या होड्यांची रुंदी, काठाची उंची आणि टेकूची पद्धत एका वहीत उतरवली, तर दोन-तीन ठरावीक मापांतच बहुतेक गिऱ्हाईक बसेल. ती वही या धंद्याचे खरे भांडवल आहे.

लाकडाची निवड हा सगळ्यात मोठा विषय. वल्ह्याला हलकेपणा, लवचीकपणा आणि पाण्याला टिकाव हे तीन गुण हवेत, आणि ते एकाच लाकडात क्वचित सापडतात. काठावर मुबलक असणारी बाभूळ चिवट आहे, बैलगाडीच्या चाकांना पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. पण तिचे वजन घनमीटरला ८०० किलोच्या आसपास किंवा जास्तच. सागवान सुमारे ६५० किलो आणि शिवण साधारण ४५० ते ५०० किलो. आठ फुटी वल्ह्यात तयार झाल्यावर लाकूड राहते ते साडेतीन लिटरच्या जागेत मावेल एवढे. त्यामुळे तेच वल्हे शिवणीचे केले तर पावणेदोन किलोच्या आत, सागवानाचे सव्वादोन किलो आणि बाभळीचे पावणेतीन ते तीन किलो भरते. दिवसात हजारो वेळा उचलायच्या वस्तूत हा एक किलोचा फरक फार मोठा आहे.

सागवान पाण्याला टिकतो, वाळल्यावर वाकडा होत नाही आणि स्थानिक सुताराचा हात त्यावर बसलेला असतो. सुरुवातीला तोच बरा. शिवण हलकी आणि स्थिर आहे, मात्र मऊ असल्याने दांडा थोडा जाड ठेवावा लागतो. धामण हे सह्याद्रीत आणि सातपुड्यात मिळणारे लाकूड आपल्याकडे धनुष्यांसाठी, अवजारांच्या दांड्यांसाठी आणि वल्ह्यांसाठी पूर्वीपासून नावाजलेले आहे. ते सागवानापेक्षा जड, पण वाकून पुन्हा सरळ होण्यात त्याला तोड नाही. परदेशात यासाठी स्प्रूस आणि अॅश ही लाकडे वापरतात. ती इथे मागवण्यात अर्थ नाही. खोक्यांचे पाइन स्वस्त मिळते खरे, पण त्यात गाठी असतात आणि लांब तुकडे निघत नाहीत. दांड्यात एक गाठ म्हणजे मोडण्याची एक ठरलेली जागा.

जातीपेक्षाही महत्त्वाच्या असतात शिरा. दांड्याच्या लांबीभर शिरा सरळ धावायला हव्यात. त्या तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत असतील, तर वल्हे पहिल्या जोरदार ओढीला तिथेच उलते. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा वनविकास महामंडळाच्या चंद्रपूरकडच्या सागवानाच्या लिलावात लाकूड घेताना फळीचा चेहरा पाहून भागत नाही. तिच्या दोन्ही कडा आणि टोके पाहावी लागतात. अशी निवडक फळी महाग पडते. तरीही सरळ शिरांची शिवण गाठाळ सागवानापेक्षा कधीही चांगली.

मग येते वाळवण. ओल्या लाकडाचे वल्हे करून विकले, तर सोलापूरच्या चाळीस अंशांच्या उन्हात त्याला चिरा पडतात आणि व्यवसायाचे नाव पहिल्याच उन्हाळ्यात जाते. फळ्या सावलीत, जमिनीपासून वर, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन रचाव्यात आणि टोकांना रंग किंवा मेण लावावे, कारण टोकांतून ओल सर्वांत आधी निघते आणि चीर तिथूनच सुरू होते. एक इंच जाडीला एक वर्ष, असा जुना अंदाज आहे. कोरड्या हवेत तो थोडा कमी होतो. वाळल्याची खात्री करायला मीटर मिळतो, पण घरचा तराजूही चालतो. फळीच्या मधल्या भागातून तुकडा कापून वजन करायचे, तो ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोड्या वर पूर्ण सुकवायचा आणि पुन्हा वजन करायचे. ११२ ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर येऊन थांबला, तर ओल १२ टक्के. वल्ह्याला एवढी चालते.

एका अखंड फळीतून वल्हे कोरायचे, तर आठ फूट लांब, सहा इंच रुंद आणि दोन इंच जाड तुकडा लागतो. तो भरतो ०.६७ घनफूट, आणि त्यातला बहुतेक भुसा होऊन जातो. त्याऐवजी दोन इंच चौकोनी दांडा घेऊन त्याच्या टोकाशी दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांच्या पट्ट्या चिकटवल्या, तर लाकूड लागते ०.२८ घनफूट, कापताना जाणारे धरून एक तृतीयांश घनफूट. लाकडाचा दर घनफुटाला २,००० रुपये धरला, तर एका वल्ह्यामागे १,३०० ऐवजी ६६० रुपये. शिवाय रुंद फळीपेक्षा सरळ शिरांचा बारीक दांडा शोधणे सोपे. तेव्हा जोडकाम हीच या व्यवसायाची योग्य पद्धत आहे.

जोडासाठी पांढरा गोंद, अगदी पाण्याला टिकणारा म्हणून विकला जाणाराही, सतत बुडणाऱ्या वस्तूला पुरेसा नाही. इपॉक्सी वापरावे. सागवान तेलकट असल्याने चिकटवण्याआधी ताजा रंधा मारून ती बाजू अॅसिटोनने पुसून घ्यावी, नाहीतर जोड वरून धरल्यासारखा दिसतो आणि महिन्याभरात सुटतो. उजनीच्या काठी आणखी एक सावधगिरी: उन्हाळ्यात कालवलेले इपॉक्सी भांड्यातच भराभर घट्ट होते, म्हणून चिकटवण्याचे काम पहाटे उरकावे आणि एका वेळी थोडेच कालवावे. क्लॅम्प फार आवळू नयेत. सगळे इपॉक्सी बाहेर आले तर जोडात काही उरत नाही.

चौकोनी दांडा गोल करण्याची रीत जगभरचे डोलकाठी आणि वल्हे करणारे कारागीर वापरतात आणि ती शिकायला एक सकाळ पुरते. चौकोनाच्या प्रत्येक बाजूचे २४ भाग कल्पून ७, १० आणि ७ असे विभागतात. दांडा ४८ मिलिमीटरचा असेल, तर कडेपासून १४, मध्ये २० आणि पुन्हा १४ मिलिमीटर. या खुणांच्या रेघा लांबीभर ओढायच्या आणि चारही कोपरे त्या रेघांपर्यंत रंध्याने उतरवायचे. नेमका अष्टकोन मिळतो. त्याचे कोपरे पुन्हा उतरवले की सोळा बाजू, आणि मग पॉलिश पेपरच्या पट्टीने गोलाई. दांडा निमुळता असला तरी या खुणा त्याच प्रमाणात आत येतात, म्हणून एक साधी खाचेची पट्टी केली की रेघा आपोआप बरोबर पडतात. डोळ्याच्या अंदाजाने गोल केलेला दांडा आणि असा दांडा हातात घेतल्यावर फरक ओळखायला वल्हवणारा असावे लागत नाही.

दांडा टेकूपाशी सर्वांत जाड, सुमारे ४८ मिलिमीटर, आणि मानेकडे उतरत ३५ ते ३८ पर्यंत. जाडीचा ताठपणावर होणारा परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे: व्यास दहा टक्क्यांनी वाढवला तर ताठपणा जवळजवळ दीडपट होतो. म्हणून मोडण्याच्या भीतीने सगळाच दांडा जाड ठेवणे म्हणजे वजन वाढवून घेणे. जाडी हवी तिथेच ठेवायची. टेकूच्या आतला भाग मुद्दाम जाड, हवा तर चौकोनीच, राखला की मुठीकडे वजन येते आणि वल्ह्याचा तोल सुधारतो. पाते दोन फूट लांब, पाच ते सहा इंच रुंद. मधून उंचवट्याचा कणा आणि कडांना आठ मिलिमीटरपर्यंत उतरती जाडी. शर्यतीच्या वल्ह्यांची पाती वळणदार असतात. मासेमाराला सपाट पातेच सोयीचे, कारण त्याला होडी मागेही रेटावी लागते आणि उथळ पाण्यात वल्ह्याने तळ ढकलावा लागतो.

उजनीत हा तळ साधा नाही. पाणी उतरले की जुन्या झाडांचे खुंट, बांध, घरांची जोती वर येतात. पळसदेवचे जुने मंदिर तर कोरड्या वर्षांत अख्खे दिसते. पात्याची कड अशा ठिकाणी आपटून फुटते आणि फुटलेल्या शिरांतून पाणी आत शिरते. त्यासाठी टोकाच्या दोन-तीन इंचांवर काचतंतूची पट्टी इपॉक्सीत भिजवून गुंडाळावी, किंवा जुन्या पद्धतीने तांब्याचा पत्रा तांब्याच्याच खिळ्यांनी बसवावा. टेकूपाशी घासणाऱ्या भागावर चामड्याची पट्टी शिवून घ्यावी आणि तिला अधूनमधून चरबी किंवा ग्रीस लावावे. चामडे परवडत नसेल, तर ट्यूबची पट्टी दोरीने घट्ट बांधली तरी चालते. तिथे खिळा मात्र कधीच मारू नये. वल्ह्यावरचा सगळा ताण नेमका त्याच जागी एकवटतो, आणि खिळ्याचे भोक तिथे चिरेची सुरुवात करून देते.

शेवटचा हात तेलाचा किंवा वार्निशचा. रंगाच्या दुकानात मिळणारे डबल बॉइल्ड अळशीचे तेल तीन-चार वेळा पाजले, तर गिऱ्हाईक पुढे स्वतःच घरी तेल लावू शकतो. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलाचे तेल लावतात, तेही पाण्याला टिकते; ते कातडीला भाजते, म्हणून हातमोजे हवेत. इपॉक्सी उघडे राहिले तर उन्हाने खराब होते, त्यामुळे जोडांवर उन्हाला टिकणारे वार्निश लागतेच. मूठ मात्र कोरी ठेवावी. वार्निशच्या मुठीने हाताला फोड येतात. आणि अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून ठेवल्या, तर त्या आपोआप तापून पेट घेतात. लाकडाच्या भुशाने भरलेल्या शेडमध्ये याहून मोठा धोका नाही. चिंध्या पाण्यात बुडवून किंवा बाहेर पसरून वाळवाव्यात.

विक्रीआधीची परीक्षा साधी ठेवता येते. वल्हे मूठ आणि मान या दोन ठिकाणी टेकवून मध्ये ठरावीक वजन टांगायचे आणि ते किती मिलिमीटर वाकते ते लिहायचे. करकर आवाज आला किंवा वजन काढल्यावर पूर्ण सरळ झाले नाही, तर ते वल्हे बाद. वाकणे आणि वजन ज्यांचे जवळजवळ सारखे, त्यांचीच जोडी लावायची. प्रत्येक वल्ह्यावर क्रमांक कोरून वहीत लाकूड, वजन, वाकणे आणि गिऱ्हाईक यांची नोंद ठेवली, तर वर्षभराने परत आलेले मोडके वल्हे कोणत्या चुकीने मोडले हे शोधता येते. ही नोंद ठेवणारा कारागीर दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा चांगले वल्हे करतो.

पैशाचा हिशेब आता मांडता येतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, दर गावागणिक बदलतील. एका जोडीचे लाकूड १,३०० रुपये. इपॉक्सी, वार्निश, पेपर, चामडे ३५०. दीड दिवसाची सुतारी १,२००. वीज, भाडे, हत्यारांची झीज २५०. झाले ३,१००. दहात एक वल्हे बाद जाईल असे धरले, तर ३,४००. म्हणजे चार हजारांच्या खाली जोडी विकणे परवडत नाही. घरगुती वल्हे काही शेकड्यांत होते. ही दरी लपवून चालणार नाही, आणि ज्याने ती पार करण्याचा विचार आधी केला नाही त्याची शेड सहा महिन्यांत बंद पडेल.

उपाय म्हणून माल दोन प्रतींचा ठेवावा. पहिली प्रत वर सांगितलेली. दुसरी प्रत भरीव मानवेल बांबूच्या दांड्याची, त्याला सागरी प्लायवूडचे पाते. आयएस ७१० हा शिक्का असलेले प्लायवूड उकळत्या पाण्याच्या परीक्षेत उतरलेले असते. पाते खिळ्यांऐवजी दांड्यात खाच पाडून इपॉक्सीने आणि दोरीच्या वेटोळ्याने बसवायचे, बांबू आधी कीडनाशक उपचार केलेला घ्यायचा. ही जोडी बरीच कमी खर्चात बसते आणि मासेमाराला पहिल्यांदा विश्वास येतो तो यातून. महागाच्या जोडीसाठी हप्त्यांची सोय लागते. मासळीचे व्यापारी मासेमारांना जाळ्यांसाठी उचल देतात, मच्छीमार सहकारी संस्थाही असतात. एकदम दहा-वीस जोड्यांची मागणी अशाच ठिकाणाहून येऊ शकते.

मासेमारांपलीकडचे गिऱ्हाईक जास्त किंमत देऊ शकते. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला कुंभारगाव आणि भिगवणला पर्यटक येतात आणि स्थानिक लोक त्यांना होडीतून नेतात. इंजिनच्या आवाजाने पक्षी उठतात. वल्ह्याने हळू जवळ गेलेल्या होडीतून ते निवांत पाहता येतात. नावाड्याला इथे चांगल्या वल्ह्याचा थेट उपयोग आहे. धरणाच्या खाली, पंढरपूरला चंद्रभागेत पुंडलिकाच्या मंदिराजवळून भाविकांना नेणाऱ्या होड्या आहेत. आषाढी-कार्तिकीला त्यांना उसंत नसते. सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात आणि तिथे वल्ह्याच्या हलकेपणाला किंमत आहे. २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरात बचावाच्या बोटी धावल्या, सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरात तर माढा-करमाळ्यापर्यंत. तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या बोटींत चांगल्या वल्ह्यांच्या राखीव जोड्या असणे ही गरज आहे आणि ती मागणी निविदेतून येते, म्हणून व्यवसायाची नोंदणी कागदोपत्री पक्की हवी.

ऑलिम्पिकच्या धर्तीवरच्या रोइंगचे आकर्षण वाटणे साहजिक आहे. पुण्यात रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासून आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयाची रेगाटा प्रसिद्ध आहे, दापोडीला लष्कराचे रोइंग केंद्र आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये उतरले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्णपदक जिंकले. पण या खेळात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कार्बन तंतूंची वल्ही आली आणि लाकूड मागे पडले. छोट्या लाकडी कारखान्याने त्या बाजारामागे धावणे म्हणजे पैसा आणि वर्षे घालवणे. क्लबांना हवी तर बक्षिसाची, भिंतीवर लावायची नाव कोरलेली वल्ही द्यावीत; त्यात नफाही बरा सुटतो.

सरकारी बाजू. सुतार आणि नाव बनवणारे हे दोन्ही व्यवसाय १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत आहेत. त्यात प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांचे कर्ज मिळते. अर्ज गावातल्या सामायिक सुविधा केंद्रातून होतो. शेड आणि यंत्रे यांसाठी मोठी रक्कम लागली, तर पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून जिल्हा उद्योग केंद्रामार्फत अनुदानासह कर्ज घेता येते. उद्यम नोंदणी मोफत आहे. लाकडाबाबत कायदा कडक आहे: सागवानासारख्या झाडांच्या तोडीला १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियमाखाली परवानगी लागते, वाहतुकीला वनखात्याचा परवाना लागतो. त्यामुळे शेजारच्या बांधावरचे झाड स्वस्तात घेण्यापेक्षा पावतीसह कापीव लाकूड घ्यावे, आणि मोठी पट्टा-करवत बसवण्याआधी वनखात्याकडे लेखी विचारणा करावी.

जागा फार लागत नाही, लांबी मात्र लागते. आठ-दहा फुटांची फळी यंत्रात घालून पलीकडून काढायची म्हणजे शेड निदान वीस-बावीस फूट लांब हवी. एक छोटा प्लेनर, एक गोल करवत, हाताचे दोन-तीन रंधे, पटाश्या, कानशी आणि डझनभर क्लॅम्प यांवर सुरुवात होते. भुशासाठी मास्क आणि झाडलोटीची सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी. सागवानाच्या धुळीने अनेकांना दम लागतो. तयार वल्ही भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नयेत, वाकतात. तीन ठिकाणी आधार देऊन आडवी ठेवावीत, आणि गिऱ्हाईकालाही हेच सांगावे: रिकाम्या होडीत उन्हात टाकून न देता सावलीत आडवी ठेवा.

वर्षाचे काम पाण्याबरोबर चालते. फेब्रुवारी ते मे लाकूड वाळते, चिकटवणे पहाटे होते आणि पाणी उतरल्याने खुंटांवर फुटलेली पाती दुरुस्तीला येतात. आषाढीआधी पंढरपूरची मागणी. ऑगस्ट-सप्टेंबरात धरण भरू लागले की मासेमार नव्या जोड्या घेतात, कारण पाणी पसरते आणि अंतरे वाढतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी होड्या सजतात. पावसाळ्यात हवेत ओल असते, तेव्हा वार्निशची कामे टाळून दांडे गोल करण्याची, मुठी घडवण्याची कामे उरकावीत. दुरुस्तीला वेगळा दर ठेवावा: नवे टोक, नवे चामडे, पुन्हा तेल. भिगवण किंवा कुगावच्या धक्क्यावर आठवड्यातून एक ठरलेला दिवस दुरुस्तीसाठी बसले, तर कोणत्या लाकडाचे वल्हे कुठे झिजते हे समोर दिसते आणि पुढच्या खेपेला मानेची जाडी किती ठेवायची हे तिथेच ठरते.